एंजल फिशची जोडी लावायची कशी: नर-मादी ओळखण्यापासून पिल्लं पोहायला लागेपर्यंत

एंजल पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच हा प्रश्न, की यातला नर कुठला आणि मादी कुठली. उत्तरं पण ढिगाने मिळतात. डोक्यावर टेकाड असेल तर नर, पोट गोल असेल तर मादी, जास्त भांडतो तो नर, पर लांब असतील तो नर वगैरे वगैरे. यातली काही थोडी थोडी बरोबर आहेत आणि म्हणूनच घोळ होतो, कारण थोडं बरोबर असलेलं चिन्ह बघून माणूस दोन मासे उचलतो, वेगळ्या टँकमध्ये टाकतो आणि मग सहा महिने वाट बघत बसतो की आता अंडी देतील मग अंडी देतील.

गप्पीसारख्या माशात हे सोपं असतं. नराचा खालचा मागचा पर काडीसारखा बारीक होतो, मादीचा पंख्यासारखा राहतो, लांबून बघून पण सांगता येतं. ब्रिसलनोज प्लेकोच्या मोठ्या नराच्या तोंडावर झुडूप उगवतं, कोरी म्हणजे कोरीडोरस मासे वरून बघितले की मादी रुंद दिसते, बेटा म्हणजे फायटर माशाबद्दल तर बोलायलाच नको. एंजल म्हणजे टेरोफिलम स्केलारे, हा सिक्लिड कुटुंबातला मासा, आणि याच्यात नर-मादी रंगाने सारखे, आकाराने सारखे, पराने पण सारखे. पूर्ण खात्रीची खूण एकच आहे आणि ती पण अंडी द्यायच्या वेळेलाच दिसते. ती पुढे सांगतो, पण त्याआधी हे डोक्यात पक्कं करून घ्या की एंजलची जोडी आपण निवडायची नसते, त्यांना निवडू द्यायची असते. आपलं काम पुरेसे मासे एकत्र वाढवायचे आणि जोडी जमली की ती ओळखायची, एवढंच.

सहाच का घ्यायचे

साधा हिशोब आहे. लहान वयात नर-मादी कळत नाही, म्हणजे प्रत्येक मासा नर निघायची शक्यता अर्धी. दोन घेतले तर निम्म्या वेळा दोन्ही नर नाहीतर दोन्ही माद्या निघणार. चार घेतले तर आठातल्या सात वेळा दोन्ही प्रकार असतील. सहा घेतले तर ३२ पैकी ३१ वेळा, म्हणजे साधारण ९७ टक्के. आता नर-मादी दोन्ही असले म्हणून ते एकमेकांना पसंत करतीलच असं नाही, एंजल यात भलतेच नखरेवाले असतात, त्यामुळे सहा हा आकडा कमीत कमी समजा, जागा असेल तर आठ घ्या.

घेताना नाण्याएवढे घ्या. वरचा-खालचा पर सरळ उभा पाहिजे, पोटाखालच्या दोन्ही लांब दोऱ्या पूर्ण आणि सरळ पाहिजेत, कल्ल्यांवरचं झाकण नीट बंद होत असलं पाहिजे, आणि टाकलेलं खाणं झडप घालून खाणारा मासा पाहिजे, कोपऱ्यात तोंड लपवून उभा राहिलेला नको, कितीही सुंदर असला तरी नको. जमलं तर तीन एका ठिकाणाहून आणि तीन दुसरीकडून घ्या म्हणजे सगळी सख्खी भावंडं नसतील. भावंडांची जोडी लागली तर जगबुडी होत नाही, पण तेच पिढ्यानपिढ्या चालू ठेवलं की वाकड्या परांची, कमजोर पिल्लं वाढत जातात. परांच्या लांबीकडे पण थोडं लक्ष द्या. वेल म्हणजे लांब परांचे दोन मासे एकत्र आले तर काही पिल्लांना तो गुण डबल मिळतो आणि पर इतके लांब होतात की पोहताना त्यांचेच हाल होतात, म्हणून एक वेल आणि एक साध्या परांचा अशी जोडी बरी.

नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. कंटाळवाणं आहे, पण ज्यांच्यापासून पुढे शेकडो पिल्लं काढायची आहेत ते मासे आजारी आणून कसं चालेल.

सहा जणांसाठी २०० लिटरच्या आसपासचा टँक घ्या आणि उंची किमान १८ इंच ठेवा, कारण एंजल हा उभा मासा आहे, बुटक्या टँकमध्ये पर वाकतात. टेम्परेचर २६-२७, पाणी दर आठवड्याला ३० ते ४० टक्के बदला, खाणं चांगलं द्या. बस. आता वाट बघायची. साधारण आठ ते दहा महिन्यांचे झाले की, कधी त्याआधी पण, गंमत सुरू होते.

जोडी जमली हे ओळखायचं कसं

पहिली खूण, दोन मासे टँकचा एखादा कोपरा बळकावतात आणि बाकीच्या चौघांना तिकडे फिरकू देत नाहीत. नुसता एक मासा सगळ्यांना हाकलत असेल तर तो फक्त दादा आहे, त्याला जोडी म्हणत नाहीत. दोघं मिळून हाकलतायत आणि एकमेकांना मात्र जवळ येऊ देतायत, हे बघायचं. दुसरी खूण, दोघं समोरासमोर येऊन अंगाला एक झटका दिल्यासारखं थरथरतात. तिसरी आणि सगळ्यात भरवशाची, दोघं मिळून एखादी जागा तोंडाने साफ करायला लागतात, मग ते रुंद पान असेल, हीटरची नळी असेल, फिल्टरचा पाइप असेल नाहीतर सरळ काच. एकच मासा टोचत असेल तर थांबा, दोघं टोचत असतील तर तयारीला लागा.

तोंडात तोंड धरून ओढाओढी करताना दिसले तर लगेच प्रेम समजू नका आणि लगेच मारामारी पण समजू नका. काही वेळा ते एकमेकांचा जोर बघत असतात आणि मिनिटभरात सुटतात. पण खवले निघतायत, पर फाटतायत, एकजण वरच्या कोपऱ्यात तिरका होऊन लपतोय, तर ती मारामारीच, वेगळे करा.

आता ती खात्रीची खूण. अंडी द्यायच्या एक-दोन दिवस आधी दोघांच्या पोटाखाली, गुदद्वाराच्या तिथे एक छोटी नळी बाहेर येते. पाळणारे तिला ट्यूबच म्हणतात. मादीची ट्यूब जाड, टोकाला बोथट आणि साधारण सरळ खाली नाहीतर जराशी मागे झुकलेली असते, कारण त्यातून अंडं बाहेर यायचं असतं. नराची बारीक, टोकदार आणि पुढे म्हणजे डोक्याच्या दिशेने तिरकी. दोन्ही मासे शेजारी शेजारी असताना बघा, एकट्या माशाची ट्यूब बघून नवख्या माणसाला फरक कळत नाही, पण दोन्ही एकत्र दिसल्या की जाड-बारीक लगेच लक्षात येतं. मोबाइलवर जवळून फोटो काढा, फ्लॅश न मारता, आणि मोठा करून बघा, मासा हलत असताना डोळ्याने बघण्यापेक्षा हे बरं.

बाकीच्या खुणांचं काय? डोक्यावरचं टेकाड काही वयस्क नरांत येतं हे खरं, पण भरपूर खाऊन वाढलेल्या मादीच्या कपाळाला पण गोलाई येते आणि कित्येक नरांना टेकाड कधी येतच नाही. समोरून बघितल्यावर मादीचं पोट रुंद दिसतं हे अंडी भरल्यावर खरं, पण नुकताच ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या खाऊन आलेला नर पण तसाच दिसतो. या खुणा म्हणजे अंदाज, त्याच्यावर पैसे लावू नका.

आणि एक फसवणूक लक्षात ठेवा. दोन माद्या एकत्र राहिल्या तर त्या पण जोडी करतात, जागा साफ करतात, अंडी देतात, राखतात, सगळं अगदी रीतसर. फक्त अंडी फळत नाहीत, दीड दिवसात सगळीच्या सगळी पांढरी पडतात. म्हणून पहिल्यांदा अंडी देताना शक्य असेल तर बसून बघा. जोडी खरी असेल तर मादी एक ओळ अंडी चिकटवत वर जाते आणि तिच्या मागोमाग नर त्याच ओळीवरून पोट घासत जातो, पण त्याच्या मागे नवीन अंडं उरत नाही. दोघांच्याही मागे अंडी उरत असतील तर दोघी माद्या आहेत. त्यांना परत ग्रुपमध्ये सोडा, नर मिळाला की प्रश्न मिटला. दोन नरांची दोस्ती पण होते, ते जागा साफ करत राहतात आणि अंडी काही येत नाहीत.

तयार जोडी विकत घ्यायची असेल तर अंडी देतानाचा व्हिडिओ मागा आणि वय विचारा. एंजल आठ-दहा वर्षं जगू शकतो पण अंड्यांचा चांगला काळ साधारण एक ते तीन वर्षांचा. शिवाय जागा बदलल्यावर तयार जोडी मोडते असंही होतं, तेव्हा विकणारा खोटं बोलला असं लगेच समजू नका.

जोडीचा टँक

जोडीला किमान ७५-८० लिटर, उंची तीच १८ इंच. तळाला खडे-वाळू काही नको, उघडी काच ठेवा म्हणजे उरलेलं खाणं दिसतं आणि साफ करता येतं. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा कागदाने झाकल्या तर मासे शांत राहतात, ये-जा करणारी माणसं दिसली की घाबरून अंडी खाणं हे फार होतं. टँक वर्दळीत ठेवूच नका.

फिल्टर म्हणाल तर स्पंज फिल्टर, दुसरं काही शोधत बसू नका. पाण्याला ओढ नसते आणि पिल्लं आत खेचली जात नाहीत. पण नवा कोरा स्पंज लावून त्याच दिवशी मासे टाकू नका, तो आधी चार-सहा आठवडे चालू टँकमध्ये ठेवून माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया बसू द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली असलेला बरा.

अंड्यांसाठी जागा म्हणून स्लेटची पट्टी, टाइलचा मागचा खरखरीत भाग, पीव्हीसी पाइपचा तुकडा, यातलं काहीही चालतं. साधारण फूटभर लांबीचा तुकडा काचेला टेकवून तिरका उभा करा. फिल्टरचे बुडबुडे थेट त्याच्यावर येणार नाहीत असं ठेवा, नाहीतर नराचं बीज अंड्यापर्यंत पोचायच्या आधीच वाहून जातं. काढता येईल अशीच वस्तू ठेवा, कारण काचेवर दिलेली अंडी हलवता येत नाहीत.

पाण्यावरून लोक उगाच फार घाबरतात. आज पाळले जाणारे बहुतेक एंजल पिढ्यानपिढ्या टँकमध्येच वाढलेले आहेत, त्यांना अमेझॉनचं पाणी बनवून द्यायची गरज नाही. पीएच ६.५ ते ७.२ छान, ७.५ ला पण अंडी देतात. खरा अडथळा असतो तो हार्ड पाण्याचा. खूप क्षार असलेल्या पाण्यात अंडी येतात पण फळतात कमी. तुमचं पाणी तसं असेल तर आरओचं पाणी मिसळून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १०० ते २०० पीपीएमच्या मध्ये आणा, आणि हे एका दिवसात नाही, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा. पीएच खाली आणायच्या बाटल्या ओतत बसू नका, रोज वरखाली होणाऱ्या पीएचपेक्षा ७.४ वर स्थिर असलेलं पाणी कधीही चांगलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र काढलंच पाहिजे, त्यात आळस नको.

जोडी हलवल्यावर टेम्परेचर २७-२८ करा आणि दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं भरपूर प्रोटीनचं खाणं द्या. चांगली पेलेट, फ्रोझन आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव, अधूनमधून ब्लडवर्म, डासांच्या अळ्या मिळाल्या तर उत्तमच. आठ-पंधरा दिवस असं खाऊ घातलं की मादीचं पोट भरलेलं दिसायला लागतं. मग ३०-४० टक्के पाणी बदला, नवीन पाणी एक-दोन डिग्री थंड असू द्या, पुष्कळदा त्यानंतर दोन-तीन दिवसांतच अंडी येतात. नाही आली तर वैतागू नका, तसंच चालू ठेवा. नर फारच मारत असेल तर मध्ये भोकं असलेली जाळी लावा, एकमेकांना बघत राहिले की आठवडाभरात बऱ्याचदा निवळतं.

अंडी आली, आता काय

शंभरापासून चारशेपर्यंत अंडी सहज येतात, मोठ्या मादीची त्याहून जास्त. सगळा कार्यक्रम दीड-दोन तास चालतो. पहिल्या दोन-तीन वेळेला आई-बापच अंडी खातात, हे इतकं कॉमन आहे की नाही खाल्ली तर आश्चर्य समजा. नवीन जोडी शिकत असते. खाल्ली म्हणून जोडी तोडायची नाही, साधारण आठ-पंधरा दिवसांत परत देतात.

इथे दोन रस्ते आहेत. एक, आई-बापाकडे ठेवायची. बघायला सगळ्यात सुंदर हेच, दोघं परांनी अंड्यांना वारा घालतात, पांढरी पडलेली अंडी काढून टाकतात, पिल्लांना तोंडात घेऊन दुसऱ्या जागी नेतात. फक्त रात्री एक मंद दिवा चालू राहू द्या, पूर्ण अंधारात अंडी राखणं त्यांना जमत नाही, आणि सारखं डोकावू नका. दुसरा रस्ता, अंडी काढून वेगळी उबवायची. पिल्लं हातात लागायला हवी असतील तर माझं मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे, पण एकदा तरी आई-बापाला करू द्या, तो टँक बघण्यासारखा असतो.

वेगळी उबवायची तर, अंडी देऊन झाली आणि नराच्या फेऱ्या थांबल्या की अर्धा-एक तास थांबून स्लेट उचला. दहा-पंधरा लिटरच्या टँकमध्ये त्याच जोडीच्या टँकचं पाणी भरून ठेवलेलं असू द्या, टेम्परेचर तेच २७-२८. स्लेट पाण्याने भरलेल्या भांड्यातून नेली तर उत्तम, दोन-चार सेकंद हवा लागली तर काही बिघडत नाही. स्लेट अंड्यांची बाजू थोडी खालच्या दिशेला येईल अशी तिरकी लावा आणि एअर स्टोन शेजारी ठेवा, बुडबुडे अंड्यांवर नाही, अंड्यांच्या बाजूने गेले पाहिजेत, पाणी हलत राहणं महत्त्वाचं. मग मेथिलीन ब्लू हे निळं औषध, पाणी आकाशी निळं दिसेल पण आरपार अंडी दिसतील इतकंच. हे फंगस रोखतं. पण ते फिल्टरचे बॅक्टेरिया पण मारतं, म्हणून स्पंज इथे अजून ठेवायचा नाही.

चोवीस तासांत न फळलेली अंडी पांढरी होतात. ती ड्रॉपरने नाहीतर टूथपिकने हळूच काढा, तशीच ठेवली तर फंगस शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढतो. चांगली अंडी मधासारखी पारदर्शक राहतात आणि दुसऱ्या दिवशी आत काळा ठिपका दिसायला लागतो. थोडी पांढरी होणारच. सगळीच झाली तर या तीन गोष्टी तपासा, दोघी माद्या आहेत का, नर फार लहान आहे का, पाणी फार हार्ड आहे का.

साधारण ४८ ते ६० तासांत अंडी फुटतात. पण मासा नाही दिसणार, शेपटी वळवळणारे बारीक तुकडे स्लेटला डोक्याने चिकटून लटकलेले दिसतील, काही खाली पडतील, पडू द्या. आता रोज थोडं निळं पाणी काढून त्याच टेम्परेचरचं स्वच्छ पाणी घाला. या दिवसांत खाणं अजिबात द्यायचं नाही, त्यांच्या पोटाला पिवळ्या पिशवीत शिदोरी असते ती पुरते. नवीन लोक इथेच घाईने पावडर टाकतात आणि पाणी सडवतात.

अजून चार-पाच दिवसांनी, म्हणजे अंडी दिल्यापासून साधारण आठवड्याने, पिल्लं स्लेट सोडून घोळक्याने पोहायला लागतात. आता तयार झालेला स्पंज फिल्टर लावा, हवा अगदी हळू.

पहिलं खाणं

इथे तडजोड नाही, ताजं फोडलेलं आर्टेमिया, म्हणजे बेबी ब्राइन श्रिम्प. कोरड्या पावडरीवर थोडी जगतात, बहुतेक मरतात. पिल्लं पोहायच्या आदल्या दिवशी आर्टेमियाची अंडी लावा. एक लिटर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा चमचा अंडी, बाटली उलटी करून खालून जोरात हवा, वर दिवा, टेम्परेचर २६ ते २८. चोवीस तासांत पाणी केशरी दिसतं. हवा बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, रिकामी टरफलं वर तरंगतात, जिवंत अळ्या खाली नाहीतर उजेडाकडे गोळा होतात, त्या नळीने ओढून बारीक जाळीत गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नका. रोज नवीन बाटली लावा, म्हणजे दोन बाटल्या आलटून पालटून, कारण अळी जेवढी ताजी तेवढी तिच्यात ताकद जास्त.

दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. पाच मिनिटांनी टॉर्च लावून बघा, पोटं केशरी दिसली की जेवण झालं. गोड्या पाण्यात अळ्या काही तासांत मरतात आणि तळाला कुजतात, म्हणून रोज तळ नळीने ओढून २०-३० टक्के पाणी बदला, नळीच्या टोकाला कापड बांधा नाहीतर पिल्लं पण जातील.

तीन-चार आठवड्यांत पिल्लांना एंजलचा तो तिकोनी आकार येतो, मग बारीक केलेली पेलेट हळूहळू सुरू करता येते. याच सुमाराला त्यांना मोठ्या टँकमध्ये हलवा. लहान टँकमध्ये गर्दीत ठेवलेल्या पिल्लांचे पर आखडतात आणि नंतर मोठा टँक दिला तरी ते सुधारत नाहीत. दोनशे पिल्लं सांभाळायला पाणी किती, टँक किती, आणि पुढे ती कोणाला द्यायची, हे अंडी उचलायच्या आधी ठरवा. जागा नसेल तर ती बॅच आई-बापाकडेच राहू द्या, जी जगतील ती जगतील. सगळ्या बॅच वाढवल्याच पाहिजेत असा काही नियम नाही.

अंडी काढून घेत राहिलं की मादी दर दहा-पंधरा दिवसांनी देतच राहते आणि काही महिन्यांत बारीक व्हायला लागते, अंडी पण कमी होतात. तेव्हा चार-पाच बॅचनंतर स्लेट काढून टाका, टेम्परेचर २५ वर आणा आणि महिना-दीड महिना आराम द्या. वेगळं करायचं झालं तर मधली जाळीच वापरा, दुसऱ्या टँकमध्ये नेऊ नका, कारण महिनाभर नजरेआड राहिलेली जोडी परत एकत्र टाकल्यावर एकमेकांना ओळखेलच याची खात्री नसते आणि मग पुन्हा मारामारीपासून सुरुवात.